गुडघ्याच्या कूर्चेची ट्रायल: भावाने जावं का, आईने जावं का?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा. पूर्वी कुस्ती खेळायचा, आता बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. दिवसभर उभ्याने काम. डाव्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये साधारण तीन चौरस सेंटिमीटर जागेवरची कूर्चा पूर्ण गेली आहे, हाड उघडं पडलंय असं आलंय. बेंगळुरूच्या एका हॉस्पिटलमध्ये स्वतःच्याच पेशी वाढवून परत बसवायच्या नव्या उपचाराची ट्रायल चालू आहे, सगळं मोफत आहे, असं त्याला कळलं. वडील म्हणतात, माझ्या पोरावर प्रयोग नको. भाऊ म्हणतो, नवीन गादी फुकट मिळूलालीय तर सोडायची कशाला? आणि आईचे दोन्ही गुडघे फार दुखतात, तिचं वय ६२. तिलाही त्यात घालता येईल का?"

ताई, माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. तुम्ही वर्णन केलंय तशाच गुडघ्यासाठी या ट्रायल आखलेल्या असतात. खाली सांगतो त्या गोष्टींची उत्तरं नीट मिळाली, आणि घरात चार-सहा महिने त्याला सांभाळण्याची सोय असली, तर भावाने जरूर जावं. आईंचा मात्र या ट्रायलशी संबंध नाही. त्यांना कुणी यात घेतो म्हणालं तर तिथून परत फिरा. मी हाडांचा डॉक्टर. ट्रायलमध्ये पेशंट घेणाऱ्यांच्या बाजूने काम केलंय आणि ट्रायलला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या एथिक्स कमिटीवरही बसलोय, त्यामुळे दोन्हीकडून पाहून लिहितो.

भाऊ आणि आई यांच्या दुखण्यात मुळातच फरक आहे. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत पांढरा थर असतो, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, आणि पेशी अगदी थोड्या. बाकी सगळं पाणी आणि तंतूंचं जाळं. कातडी कापली तर रक्त येतं, खपली धरते, जखम भरते. कूर्चेत रक्तच पोचत नाही, म्हणून तिची जखम भरत नाही. कुस्तीत गुडघा पिरगळून एका जागेचा थर निघाला आणि आजूबाजूची कूर्चा चांगली राहिली, असं तुमच्या भावाचं झालेलं दिसतं. आईंच्या गुडघ्यात बहुधा सगळीकडची कूर्चा वर्षानुवर्षं झिजत आली आहे आणि खालचं हाड, आतलं अस्तर, स्नायू सगळ्यांवरच त्याचा परिणाम झालाय. शहापूरच्या साडीला एका जागी भोक पडलं तर रफू करता येतं, पण सगळी साडीच विरली असेल तर टाका धरणार कशाला? पेशी बसवण्याचा उपचार हा रफूचा आहे. म्हणून अशा ट्रायलच्या अटींमध्ये वय साधारण १८ ते ५० किंवा ५५, वजन आटोक्यात, लिगामेंट (सांधा बांधून ठेवणारे पट्टे) मजबूत, मेनिस्कस (दोन हाडांमधली चकती) बऱ्यापैकी शाबूत, पाय सरळ आणि समोरच्या हाडावरची कूर्चा चांगली, असं सगळं मागितलेलं असतं. संधिवाताचा पेशंट चालत नाही.

आता हा उपचार नवा म्हणजे किती नवा? मूळ कल्पना स्वीडनची. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ साली २३ पेशंटांचा अनुभव प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या ज्या भागावर भार पडत नाही तिथून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात बसवायच्या. पुढे पेशी पातळ पडद्यावर पसरून किंवा जेलमध्ये मिसळून बसवायला सुरुवात झाली. अमेरिकेने पडद्याच्या पद्धतीला २०१६ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली. भारतातही २०१७ मध्ये स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून बसवण्याच्या एका उपचाराला केंद्र सरकारच्या औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली आहे. तेव्हा तुमच्या भावाने विचारायचा पहिला प्रश्न असा: या पद्धतीचा मंजूर उपचार आधीच आहे, मग तुमच्या उपचारात नवं काय, आणि तुम्ही त्याची तुलना कशाशी करताय? याचं उत्तर सरळ मराठीत, कानडीत किंवा हिंदीत दोन मिनिटांत देता आलं नाही, तर ते केंद्र मला पटणार नाही.

तुलनेचा मुद्दा घरात सगळ्यांनी समजून घ्यावा, कारण वडिलांची भीती आणि भावाची आशा दोन्ही तिथेच अडकल्या आहेत. ट्रायलमध्ये गेलं म्हणजे नवीन उपचार मिळालाच असं नसतं. पेशंटांचे गट करतात, एकाला नवा उपचार, दुसऱ्याला आधीचा. पेशंट कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. सर्जनला, कंपनीला, आमदाराच्या चिठ्ठीलाही ते बदलता येत नाही, आणि बदलता येत असेल तर ती ट्रायल खोटी. कूर्चेच्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला बहुतेक वेळा मायक्रोफ्रॅक्चर करतात. दुर्बिणीतून उघड्या हाडाला बारीक भोकं पाडायची, मज्जेतलं रक्त वर येऊन गोठतं, त्यातून भराव तयार होतो. अमेरिकेच्या रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. हा भराव मूळ कूर्चेइतका चांगला नसतो. खड्डा मोठा असेल तर काही वर्षांत त्याचा फायदा ओसरतो. लहान खड्ड्याला मात्र तो बराच काळ चांगली साथ देतो.

पेशींचा उपचार याहून सरस आहे का? नॉर्वेत ८० पेशंटांवर झालेल्या ट्रायलचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्याच पेशंटांना पंधरा वर्षांनी पाहिलं, तरीही पेशींचा गट पुढे गेलेला नव्हता. मग युरोपात १४४ पेशंटांची ट्रायल झाली, तीन चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या खड्ड्यांवर, पडद्यावरच्या पेशी विरुद्ध मायक्रोफ्रॅक्चर. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. वेदना आणि हालचाल यांत पेशींचा गट दोन वर्षांनी स्पष्टपणे चांगला होता. पण तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतला भराव जवळपास सारखाच निघाला. इतकी वर्षं काम करणाऱ्या जगातल्या उत्तम सर्जनांनाही याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. प्रश्न खरोखर उघडा आहे, आणि म्हणूनच चिठ्ठी टाकून गट ठरवणं न्याय्य ठरतं. "नवीन गादी येईल" अशी खात्री भावाला कुणी दिली असेल, तर ती देणाऱ्याला ट्रायल म्हणजे काय हेच कळलेलं नाही.

वडिलांना "प्रयोग" या गोष्टीचा राग येतो, तो मी समजू शकतो. आपल्याकडच्या गरीब माणसांवर न सांगता औषधं वापरून पाहिल्याच्या तक्रारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, २०१३ मध्ये कोर्टाने सरकारला खडसावलं, आणि पुढे २०१९ चे नवे नियम आले. पण त्यांना आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगा. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बाया दगावत. तो थांबवणारं नेहमीचं इंजेक्शन द्यायची मुभा गावातल्या सिस्टरना नव्हती. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आणि अमेरिकन सहकाऱ्यांनी मिळून जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉल गोळीची ट्रायल केली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना बिनऔषधाची. जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. जगभरच्या बायांना त्याचा उपयोग झाला, आणि तो पुरावा बेळगावच्या खेड्यापाड्यांतल्या बायांनी दिला. याचा मला फार अभिमान आहे.

गुडघ्याच्या बाबतीत तर तुलनेशिवाय काहीच कळत नाही. ह्यूस्टनमध्ये १८० झिजलेल्या गुडघ्यांच्या पेशंटांवर ट्रायल झाली, २००२ साली. काहींचा गुडघा दुर्बिणीने धुतला, काहींचा घासून साफ केला, आणि काहींना नुसते कातडीवर छेद दिले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांत तिन्ही गटांना सारखाच आराम. गुडघ्याचं दुखणं आशेनेही कमी होतं, विश्रांतीनेही होतं, डॉक्टरने मायेने हात ठेवल्यानेही होतं. म्हणून शेजारच्या गावातला कुणी "मला इंजेक्शनने बरं वाटलं" म्हणाला की ते खरं असतं, पण इंजेक्शनमुळेच बरं वाटलं का, हे त्यातून समजत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऑपरेशननंतरच्या महिन्यांची. घरातल्या चर्चेत त्याचा विषयच निघालेला नाही. बसवलेल्या पेशी सुरुवातीला नुसत्या चिकटलेल्या असतात. त्यांच्यावर भार पडला तर थर सुटून येतो. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे कुबड्या. आधी पाय नुसता जमिनीला टेकवायचा, मग हळूहळू वजन वाढवायचं. त्याच वेळी गुडघा वाकवत राहायचा, कारण हालचाल थांबली तर तो आखडतो. दिवसातून अनेक वेळा टाच सरकवण्याचा व्यायाम, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, तोही दुखत असताना. उभ्याने करायच्या कामावर परतायला चार ते सहा महिने धरून चाला. वजन उचलणं, उकिडवं बसणं, शिडी चढणं त्याहून उशिरा. पळणं, उड्या मारणं एक ते दीड वर्षाने. आखाड्यात परत जाऊ नकोस, असं मी त्याला सांगेन. माती त्याला कितीही ओढत असली तरी.

म्हणून आधी घरात बसून हिशेब करा. फाउंड्रीत चार-सहा महिने पगार बंद झाला तर हप्ते कोण भरणार? मालक परत आल्यावर काही महिने बसून करायचं काम देईल का? ते आताच बोलून घ्या, जमलं तर लेखी. घरात कमोड आहे का? नसेल तर खुर्चीचा कमोड आणा, कारण उकिडवं बसून कूर्चेची वाट लागते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात कुबड्या घेऊन चिखलातून चालणं किती धोक्याचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्रायलने तारीख निवडू दिली तर ऑपरेशन दसऱ्यानंतर घ्यावं. रोप लावणीच्या दिवसांत घरातलं कुणीच मोकळं नसतं. मायक्रोफ्रॅक्चरच्या गटात गेला तरी सहा आठवड्यांच्या कुबड्या चुकत नाहीत, तेव्हा ही तयारी दोन्हीकडे सारखीच लागेल.

बेंगळुरूचा प्रवासही यातच येतो. कूर्चेच्या ट्रायलमध्ये तपासण्या साधारण दोन वर्षं चालतात: सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं, आणि मध्ये आणखी. प्रत्येक भेटीला ठरावीक दिवसांची मुदत असते. पहिल्या दोन महिन्यांत रात्रभर बसमध्ये गुडघा मुडपून बसणं चांगलं नाही, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने खालचा बर्थ काढून पाय लांब ठेवून जावं, आणि सोबत कुणी तरी हवंच. प्रवासाचा, राहण्याचा आणि सोबत्याचा खर्च किती मिळणार, हे एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं असतं आणि माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. फिजिओथेरपी बेळगावात करता येईल का, हेही विचारा. त्यांनी व्यायामाचं लेखी वेळापत्रक दिलं तर बेळगावातला चांगला फिजिओ ते करून घेऊ शकतो. बहुतेक केंद्रं याला तयार होतात, पण विचारावं लागतं.

आता कागदपत्रं. ट्रायल खरी आहे का हे घरबसल्या तपासता येतं. भारतातली प्रत्येक औषध-ट्रायल आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या ट्रायल-नोंदणीत असावी लागते. २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करणं बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि त्या वेबसाइटवर तो शोधा. तिथे कुठल्या हॉस्पिटलांत ट्रायल चालू आहे, प्रत्येक ठिकाणच्या एथिक्स कमिटीची आणि औषध महानियंत्रकांची परवानगी आहे का, कुणाला घेणार, कुणाला नाही, आणि उपचाराचं यश कुठल्या मुख्य निकषावर मोजणार, हे सगळं असतं. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ते वाचायला अवघड जाणार नाही. तिथे दिलेल्या माहितीत आणि तोंडी सांगितलेल्या गोष्टीत फरक आढळला तर लगेच विचारा. ट्रायलच्या उपचारासाठी, तपासणीसाठी किंवा "पेशी वाढवण्याच्या खर्चासाठी" पैसे मागितले, तर मला ती ट्रायल नव्हे, विक्री वाटेल.

संमतीपत्र मराठीतच मागा. सीमाभागातल्या आपल्या माणसांना हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण बेंगळुरूच्या केंद्रात कानडी आणि इंग्रजी प्रती तयार असतात, आणि "तुम्हाला कानडी येतं ना?" असं विचारून सही घेतली जाते. भावाला बाजारापुरतं, कामापुरतं कानडी येत असेल. पण "पेशींचा थर सुटणे", "विमा", "माघार" हे सगळं सही करण्याइतकं समजायला हवं. पेशंटला समजेल त्या भाषेत माहिती देणं ही नियमांची अट आहे, ती कुणाची मेहरबानी नाही. मराठी प्रत एथिक्स कमिटीने मंजूर केलेली असावी. कुणी जागच्या जागी तोंडी भाषांतर करून सही घ्यायला लागलं तर थांबा आणि मंजूर प्रत येऊ द्या. कागद घरी आणा, दोन दिवस ठेवा, वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा लागतो. सही झाल्यावर माहितीपत्रकाची आणि संमतीची एक प्रत भावाकडे राहिलीच पाहिजे.

संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं असतं. वारसाचा रकाना पाहून आपल्याकडे घरचे हादरतात. भरपाईचा प्रश्न आला तर ती कुणाला आणि किती द्यायची हे ठरवता यावं म्हणून तो रकाना प्रत्येक ट्रायलमध्ये असतो. भावाच्या जिवाला काही विशेष धोका आहे असा त्याचा अर्थ नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर गरज असेल तोवर, किंवा ती इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, उपचार मोफत. इजा ट्रायलमुळे झाली असं ठरलं तर त्याखेरीज भरपाई. त्यात फक्त नव्या उपचाराचा दुष्परिणाम धरलेला नाही. ट्रायलसाठी केलेल्या एखाद्या प्रक्रियेने झालेली इजाही त्यात येते. प्रायोजक कंपनीच्या विम्याची मुदत विचारा. तुमच्या घरच्या मेडिक्लेमवर विसंबू नका, सिद्ध न झालेल्या उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो.

एथिक्स कमिटीबद्दल लोकांना कमी माहिती असते. तिच्यात किमान सात जण असावे लागतात, त्यातले निम्मे तरी त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेले. कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि निदान एक बाई असावीच लागते. कमिटीच्या अध्यक्षांचं किंवा सदस्य-सचिवांचं नाव आणि फोन माहितीपत्रकावर छापलेला असतो. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल, पैशांबद्दल, दबावाबद्दल काहीही खटकलं तर तिथे फोन करायचा. पेशंटचा असा फोन आम्ही कमिटीवर गांभीर्याने घेतो.

धोके कोणते? जंतुसंसर्ग, पायात गुठळी, गुडघा आखडणं, थर सुटणं किंवा जास्त वाढून गुडघ्यात अडकणं. थर सुटला किंवा जास्त वाढला तर पुन्हा दुर्बीण घालावी लागू शकते. क्वचित प्रयोगशाळेत पेशी नीट वाढतच नाहीत, आणि मग दुसरं ऑपरेशन होत नाही. यातलं काय झालं तर पुढे काय करणार, हे लिहिलेलं असावं. आणखी एक प्रसंग बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एमआरआयवर सगळं बसतंय असं वाटून भूल देतात, दुर्बीण आत जाते, आणि खड्डा भलताच मोठा निघतो किंवा समोरची कूर्चाही गेलेली दिसते. मग पेशंट ट्रायलमधून बाहेर. त्या क्षणी टेबलावर त्याच्यासाठी काय करणार आणि त्याचा खर्च कोण देणार? हे आधी ठरलेलं नसेल, तर मी भावाला सही करू देणार नाही.

निवड-तपासणीत उभ्याने काढलेले एक्स-रे, पूर्ण पायाचा एक्स-रे, एमआरआय, रक्त, आणि एचआयव्ही व काविळीच्या चाचण्या होतील. पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या म्हणून या चाचण्या लागतात. निकाल गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. भावाने मागच्या वर्षभरात काय काय केलं ते सगळं खरं सांगावं. हाडवैद्याचा लेप, नाटी (गावठी) औषधाच्या पुड्या, गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, आखाड्यात कुणी दिलेली ताकदीची औषधं, सगळं. लपवून आत शिरलं तर त्याच्याच गुडघ्याला धोका, आणि निष्कर्षही बिघडतो. नंतरच्या प्रश्नावलीतही तसंच. त्यात पायऱ्या, उकिडवं बसणं, वेदना यांबद्दल विचारतात. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून "छान आहे" लिहू नये. दुखत असेल तर दुखतंय असंच लिहावं. प्रश्नावली मराठीत मिळत असेल तर ती मागावी.

मधेच नको वाटलं तर माघार घेता येते, कारण सांगावं लागत नाही, आणि त्या हॉस्पिटलमधले पुढचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. पण पेशी एकदा बसवल्यावर त्या काढून घेता येत नाहीत, त्यामुळे माघार म्हणजे यापुढच्या भेटी आणि तपासण्या बंद, एवढंच. माझी विनंती अशी की माघार घेतली तरी किमान सुरक्षिततेच्या तपासण्यांना जावं.

ट्रायलला गेला नाही तर काय? कोल्हापूर, हुबळी, मिरज, बेळगाव या सगळ्या ठिकाणी मायक्रोफ्रॅक्चर होतं. काही ठिकाणी भार नसलेल्या जागेची कूर्चा हाडासकट काढून खड्ड्यात बसवतात, तीही चांगली पद्धत आहे, पण मोठ्या खड्ड्याला पुरत नाही. पेशींचा मंजूर उपचार पैसे देऊन करायचा तर खर्च लाखांत जातो. आणि काहीही न करता मांडीचे स्नायू सहा महिने नेटाने मजबूत करून पाहणं हाही मार्ग आहे. वेदना फक्त जड कामानंतर होत असेल तर मी आधी तोच सुचवेन. ट्रायलच्या डॉक्टरांनी हे सगळे पर्याय आपणहून सांगायला हवेत.

आता आई. त्यांच्या गुडघ्यासाठी वेगळ्या ट्रायल होतात, औषधांच्या आणि इंजेक्शनांच्या. त्यांतली एक मला फार शिकवून गेली. ५४९ पेशंटांवर कूर्चा वाढवणाऱ्या एका इंजेक्शनची ट्रायल झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. कूर्चेची जाडी खरंच वाढली, मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतकी. पण नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा वेदना काही जास्त कमी झाली नाही. म्हणून "कूर्चा वाढवतो" एवढ्यावर आईंसाठी पैसे मोजू नका. दात्याच्या मूळपेशींच्या (स्टेम सेलच्या) एका इंजेक्शनला भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे, मध्यम झिजेसाठी. ते हाडांच्या डॉक्टरांशी बोलून, एक्स-रे दाखवून ठरवायची गोष्ट आहे. पण हॉटेलात शिबिर भरवून, पोटाच्या चरबीतून "स्टेम सेल" काढून त्याच दिवशी गुडघ्यात घालतो म्हणणारे त्यापेक्षा वेगळे. आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असा मान्यता नसलेला वापर ट्रायलबाहेर करता येत नाही.

आईंनी आधी उभ्याने एक्स-रे काढावा. वजन जास्त असेल तर थोडं उतरवावं, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम रोज करावा, निदान तीन महिने. भांडी घासायला, भाजी चिरायला खाली बसण्याऐवजी ओट्यापाशी उभं राहावं किंवा स्टूल घ्यावं. झीज टोकाला गेली असेल तर सांधा बदलण्याचं ऑपरेशन हा भरवशाचा उपाय आहे. त्याआधी दोन्ही राज्यांच्या योजनांची चौकशी करा. कर्नाटकची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, आणि महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात बसतं, हे अर्ज करण्याआधी पाहून घ्या.

भावाला सांगा, बेंगळुरूला जाताना एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नको, सीडी ने. रिपोर्टमधला आकडा आणि प्रत्यक्ष खड्डा यांत फरक असतो, आणि चित्र पाहिल्याशिवाय कुठलाही जबाबदार सर्जन "तू बसतोस" असं म्हणणार नाही. जमलं तर त्याआधी बेळगावातल्या, त्या ट्रायलशी संबंध नसलेल्या हाडांच्या डॉक्टरांना तीच सीडी दाखवून घ्या, आणि पाय सरळ आहे की वाकलाय, मेनिस्कस कसा आहे, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या.